आज कशाचा पेढा

आमच्या दुकानात माणसं भांडी घ्यायला कमी आणि बोलायला जास्त येतात. त्या दुष्काळाच्या वर्षी तर बोलायला दोनच विषय होते. एक, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. दुसरा, उदगीर नवा जिल्हा होणार का, आणि झालाच तर आपलं अहमदपूर तिकडं जाणार का लातुरातच राहणार. स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन गडी तावातावानं भांडायचे. मी म्हणायची, "बाबांनो, जिल्हा कोणचाबी असू द्या, नळाला पाणी कोणच्या जिल्ह्यात येतंय तेवढं सांगा. मी तिकडं बिऱ्हाड हलवते."

मी नीलाबाई. मोंढ्याच्या रस्त्याला आमचं भांड्यांचं दुकान हाय. सासऱ्यांच्या काळात तांब्या-पितळंचं होतं, मग स्टील आलं, आणि त्या वर्षी निस्त्या प्लास्टिकच्या घागरी नि ड्रम. धंदा जोरात होता. लोकांच्या तोंडचं पाणी पळालंय आणि आपला गल्ला भरून राहिला, हे मला गोड लागत नव्हतं. पण घागर विकली न्हाई म्हणून पाऊस थोडाच पडणार होता?

मालक जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही चौघं: मी, माझा ल्योक गुरुलिंग, सून विशाखा आणि माझा धाकटा दीर माणिकप्पा. विशाखा नांदेडची, मास्तराची लेक, इथल्या शाळेत शिकवते. ती बामणाघरची, आम्ही लिंगायत. पोरांनी आपसात जमवलं. तिचे वडील वसंतराव आणि मी, दोघंबी वर्षभर फुगून बसलो, मग दोघंबी थकलो. तिनं गळ्यात लिंग घेतलं, मी तिची गूळ घातलेली आमटी खायला शिकले. झाला निकाल.

आता माणिकचं सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तवा तो चड्डीतबी नव्हता. सासूबाईंनी, गंगम्मांनी, त्याला माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाल्या, "लेकरू जरा सावकाश हाय. तुझंच समज." मी समजले. उशिरा चालला, उशिरा बोलला, शाळेत टिकला न्हाई. बुटका, गोल चेहरा, बारके डोळे, जीभ जराशी जड. आता पन्नाशीला टेकलाय. रोज सकाळी डाव्या हातावर लिंग ठेवून पूजा करतो, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ, आणि त्या लिंगाला घरातल्या बातम्या सांगतो. त्या वर्षी टँकरच्या रांगेत तोच उभा राहायचा. दुसऱ्यांची घागर मागं सरकवायला लोक कमी करायचे न्हाईत, माणिकच्या घागरीला मात्र कुणी हात लावला न्हाई.

माणिकबाबत घरात एकच नियम होता. त्याच्याशी खोटं बोलायचं न्हाई. सासूबाई वारल्या तवा कुण्या शहाण्यानं त्याला सांगितलं, "आई गावाला गेली." मग हा रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचा, आलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी उभा राहायचा. शेवटी मी त्याचा हात धरून त्याला आईच्या समाधीवर नेलं आणि म्हणलं, "माणिक, आई मेली. इथं हाय. यायची न्हाई." लई रडला. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर गेला न्हाई. तवापासून गोड बातमी असो का कडू, माणिकला खरंच सांगायचं.

विशाखाला दिवस राहिले ते लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, सदतिशीत. माणिकला म्हणलं, "तू आजोबा होणार." त्यानं ते टँकरच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं, ड्रायव्हरलाबी.

लातूरच्या डॉक्टरीणबाई सौदामिनी म्हणून. बोलायला मऊ, पण लपवाछपवी न्हाई. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. डबल मार्कर म्हणतात त्या तपासणीला. रिपोर्ट आला तवा त्यांनी बोलावून घेतलं. गुरूला दुकान सोडता येत नव्हतं, ड्रमची गाडी यायची होती, म्हणून विशाखासंगं मी गेले.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. डॉक्टर असं म्हणाले की समजायचं, घाबरायची वेळ आली.

"रिपोर्टमध्ये जोखीम जास्त दिसतेय. बाळाच्या गुणसूत्रांमध्ये दोष असू शकतो. असू शकतो, आहेच असं नाही. ही तपासणी म्हणजे चाळणी आहे. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो."

"मग खडा हाय का दाणा, ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"आईच्या रक्तात बाळाचेही अंश फिरत असतात. विशाखाचं रक्त पुन्हा घेऊन बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवू. दोनेक आठवडे लागतील. त्यातही शंका राहिली तर पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून खात्री करायची."

"बया! गावातलं पाणी संपलं, आता पोटातलं काढायला निघाले का?"

बाई हसल्या. विशाखा हसली न्हाई.

मग बाईंनी विचारलं, "दोन्हीकडच्या नात्यात असा जन्मापासूनचा दोष असलेलं, बुद्धीची वाढ कमी असलेलं कुणी आहे का?"

"माझ्याकडे कुणी नाही," विशाखा म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

"न्हाई बाई, आमच्यातबी कुणी न्हाई," मी म्हणलं.

मी खोटं बोलले न्हाई. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांग म्हणल्या असत्या तरी हेच सांगितलं असतं.

बाईंनी पुस्तकातला एक फोटो दाखवला. एक लेकरू हसत होतं. "अशी मुलं असतात," त्या म्हणाल्या. "हसतात, शिकतात, माया लावतात. काहींना हृदयाचा त्रास असतो. आणि आयुष्यभर कुणीतरी सोबत लागतं. रिपोर्ट पक्का झाला, तर पुढे काय करायचं ते विशाखानं ठरवायचं. कायद्यानं वीस आठवड्यांच्या आत ठरवता येतं. कुणी घाई करू नका, कुणी दबाव आणू नका." हे शेवटचं त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. सासू दिसली की सगळ्यांना दबावच दिसतो.

फोटोतलं लेकरू मला ओळखीचं वाटलं. म्हणलं, लेकरं सगळी सारखीच असतात.

परतीच्या एसटीत विशाखा खिडकीशी बसली. चाकूर मागं पडलं तवा म्हणाली, "आई, तो फोटो बघितलात ना?"

"बघितला की."

"काका."

"काय काका?"

"काका तसेच आहेत, आई. तेच डोळे, तीच मान, हाताची तीच बोटं. नऊ वर्षं रोज बघतेय मी त्यांना. लग्न झाल्यावर मी ह्यांना विचारलं होतं. 'काका असेच आहेत' म्हणाले. मग मलाही ते असेच झाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझा माणिक काय पुस्तकात छापायचा हाय व्हय?" मी इतकी जोरात ओरडले की कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. "त्याला काय दोष हाय? चोरी करतोय का दारू पितोय?"

विशाखानं माझा हात धरला. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. शिव शिव! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. लोकं हसतील अशी गोष्ट होती, भांडेवालीनंच ती म्हण खरी करून दाखवली. डॉक्टरीण विचारून राहिली, घरात असं कुणी हाय का, आणि ज्याला मी मांडीवर वाढवला तो माझ्या डोक्यातच आला न्हाई. कारण माणिक म्हणजे माणिक. त्याला दुसरं नाव असेल असं आमच्यात कधी कुणाला वाटलंच न्हाई.

घरी आल्यावर विशाखानं बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. बहुतेक वेळा हे घराण्यातून उतरत नाही, आईच्या वयाशी संबंध जास्त. तरी गुरुलिंगचंही रक्त बघून घेऊ. मग त्याचंबी रक्त घेतलं, विशाखाचंबी पुन्हा घेतलं, आणि आम्ही वाट बघत बसलो. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. मला बाळाची काळजी होतीच. पण त्याहून मोठा घोर दुसराच होता. मी काय अमरपट्टा घेऊन आले न्हाई. माझ्यामागं माणिकला विशाखाच बघणार, हे मी मनात धरून चालले होते. आणि आता तिला ठरवायचं होतं, माणिकसारखं लेकरू हवं का नको. उद्या ती 'नको' म्हणाली, तर ते पोटातल्या बाळाला म्हणाली का अंगणात घागर घासत बसलेल्या या माणसाला? तिचा निर्णय मला माणिकचाच निकाल वाटून राहिला होता. हे मी तिला सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर तो दबावच झाला असता, बाईंनी बरोबर ओळखलं होतं मला.

त्यात माणिकचं एक टुमणं. आमच्यात पोटातल्या बाळाला आठव्या महिन्यात लिंग बांधतात. मठातून स्वामी येतात, बाळाच्या नावानं लिंग आईजवळ देतात, जन्मल्यावर ते बाळाचं. म्हणजे जग बघायच्या आधीच लेकरू आमच्यातलं झालेलं असतं. माणिकला हे ठाऊक होतं. रोज जेवायला बसला की विचारायचा, "सूनबाई, आठवा महिना कवा?"

पहिल्या दिवशी गुरू ताट सोडून उठला. मी तोंड उघडलं, पण खोटं बोलता येईना. शेवटी विशाखाच म्हणाली, "माहीत नाही, काका."

"बरं," तो म्हणाला आणि भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती पुन्हा म्हणायची, "माहीत नाही, काका."

रविवारी वसंतराव नांदेडहून आले. लेकीच्या काळजीनं वाळले होते. बैठकीत बसले आणि चष्मा पुसत मला म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. माझी मुलगी हळवी आहे. उद्या रिपोर्ट वाईट आला आणि ती भावनेच्या भरात बाळ ठेवून बसली, तर ही जन्मभराची शिक्षा होईल हो."

तेवढ्यात माणिक त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला होता. त्या दिवसांत पाहुण्याला आम्ही अर्धा पेला द्यायचो. त्यानं काठोकाठ भरून, दोन्ही हातांनी धरून आणला होता.

"वसंतराव," मी म्हणलं, "आधी पाणी घ्या. शिक्षा कवाची तुमच्यासमोर उभी हाय. हात अवघडला तिचा."

वसंतराव भला माणूस. चेहरा पांढराफटक पडला. पेला घेतला, पाणी सगळं प्यायले, आणि सरकून जागा करत म्हणाले, "बसा माणिकराव." त्याला जन्मात कुणी माणिकराव म्हणलं नव्हतं. तो इतका खूष झाला की संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारचा हलला न्हाई. वसंतरावांनी जिल्ह्याचा विषय काढला, तर हा म्हणाला, "नांदेडबी घ्या आपल्यात." जाताना वसंतरावांनी मला नमस्कार केला आणि विशाखाला एवढंच म्हणाले, "तू ठरवशील ते."

एका सकाळी टँकर यायचा होता. माणिक रांगेत उभा होता, मी आणि विशाखा ओट्यावर बसलो होतो. ती शाळेची साडी नेसून तयार होती. एकदम म्हणाली, "आई, खरं सांगा. काकांचं करताना जड गेलं तुम्हाला?"

देवाचं लेकरू असतं, असं म्हणून मोकळी होऊ शकले असते. सगळे म्हणतात. ज्याला त्याची चड्डी धुवावी लागत न्हाई, तो देवाचं लेकरू म्हणतो.

"गेलं," मी म्हणलं. "लई जड गेलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला हळदीला गेले आणि अक्षता पडायच्या आत परत आले, हा इकडं रडून रडून निळा पडला होता. दर थंडीत छाती भरायची, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची. माहेरची दिवाळी कशी असते मला ठाऊक न्हाई. आणि मला कुणी विचारलं न्हाई गं. मांडीवर टाकलं, झालं. तुला विचारून राहिलेत. तवा तू तुझं बघ. मी ठेव म्हणणार न्हाई आणि नको म्हणणार न्हाई."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्याच्याबिगर हे घर म्हणजे निस्तं दुकान हाय. तेबी खरं आणि हेबी खरं."

ती रांगेकडं बघत होती. माणिक पुढच्या म्हातारीची घागर आपल्या पायानं सरकवून देत होता.

"मला बाळाची भीती वाटत नाही, आई," ती म्हणाली. "मी तुमच्यासारखी नसेन, याची वाटते."

"अगं, पहिल्यांदा मी तरी कुठं माझ्यासारखी होते?" मी म्हणलं. "सासूला शिव्या घालत होते मनात."

ती हसली. किती दिवसांनी हसली. मग टँकर आला आणि गलका झाला. तिनं काय ठरवलं, ते मी विचारलं न्हाई.

फोन आला तो शनिवारी दुपारी, तिची शाळा सकाळची होती म्हणून ती घरीच होती. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या. रिपोर्ट चांगला होता. बाळाला तसा दोष असण्याची शक्यता अगदीच कमी, सुई-बिई लावायची गरज न्हाई, गुरूच्या रक्तातबी काही न्हाई. चाळणीवरचा दाणा दाणाच निघाला.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी दुकानातल्या उपड्या ड्रमवरच बसले. देवापुढं साखर ठेवली. गुरू अनवाणीच पळत जाऊन पेढ्यांचं खोकं घेऊन आला. विशाखानं वसंतरावांना फोन लावला, तिकडं ते रडले, इकडं ही हसली. गिऱ्हाईकांनाबी पेढे दिले. कशाचे ते सांगितलं न्हाई, त्यांनीच ठरवलं जिल्हा झाला म्हणून.

तेवढ्यात माणिक टँकरवरून आला. दोन्ही हातांत घागरी, शर्ट पोटापर्यंत भिजलेला. गुरू नाचतच पुढं झाला. "काका! पेढा घ्या पेढा!"

माणिकनं घागरी खाली ठेवल्या. पेढा हातात घेतला. "कशाचा?"

"बाळाचा!"

"बाळाचं तर कवाच कळलं," माणिक म्हणाला. "आज कशाचा पेढा?"

गुरू पेढ्यांच्या खोक्यात बघायला लागला. दुकानात तिघंजण होतो आणि तिघांनाबी ठाऊक होतं आज कशाचा पेढा ते. बाळ तुझ्यासारखं न्हाई, त्याचा पेढा. हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? आणि खोटं बोलायचं तर घरात नियम. मला माझीच लाज वाटली. ज्याला मांडीवर वाढवला, तो नसण्याचा आनंद मी साखर ठेवून केला होता.

"वैनी, कशाचा?" त्यानं मला विचारलं.

मी पदर तोंडाला लावला. तेव्हा विशाखा उठली. त्याच्यासमोर, त्या ओल्या फरशीवर, खाली बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"काका," ती म्हणाली, "डॉक्टरांना वाटत होतं, बाळ तुमच्यासारखं असेल. म्हणून माझं रक्त तपासलं. तसं नाहीये म्हणाले."

माणिकनं विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, आम्ही थांबतो. मग त्यानं पेढा परत खोक्यात ठेवला. ओला हात शर्टाला पुसला, तो आणखी ओला झाला, तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

"असू दे, सूनबाई," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या येळंला व्हईल."

तवर ती रडत नव्हती. मग तिनं त्याच्या भिजक्या शर्टात तोंड खुपसलं आणि अशी रडली की रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. "काका, तुम्ही माझ्याजवळच राहायचं," हुंदक्यातनं म्हणत होती. "कायम. माझ्याजवळच."

"मग कुठं जाऊन राहिलो मी?" माणिक म्हणाला. तो गोंधळला होता. तिच्या पाठीवर थोपटत होता, मी त्याला लहानपणी थोपटायची तसं.

माझ्यामागं त्याचं कसं होणार, हे त्या दिवसानंतर मी पुन्हा मनात आणलं न्हाई.

"वैनी," त्यानं मला हाक मारली, "हिला पाणी दे की. आताच भरून आणलंय."

मी पेला काठोकाठ भरून दिला.